हार्डडिस्कची वाटणी

बाईंसमोर ‘कंप्युटर बिघडला’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणाऱ्याला त्या थांबवायच्या आणि वाक्य दुरुस्त करून घ्यायच्या. "मला कळलं नाही, असं म्हणा." मग समोरचा माणूस ठेकेदार असो, नाहीतर कॉलेजचा प्राचार्य. तो चाचरत का होईना "मला कळलं नाही" म्हणाला की बाई चष्म्याची डबी उघडायच्या. डबीत चष्मा कधीच नसायचा. तिच्यात एक टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर आणि मूठभर सुटे स्क्रू असायचे. चष्मा त्या दिवसभर शोधत असायच्या आणि बहुतेक वेळा तो माझ्या टेबलावर सापडायचा.

परळीत स्टेशनच्या रस्त्याला माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. गावात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, केबलच्या तारा या गच्चीवरून त्या गच्चीवर जात होत्या, आणि माझ्याकडे टायपिंगला येणारी पोरं गळत चालली होती. अर्धा हॉल रिकामाच असायचा. अशात एक दिवस मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. नोकरी सोडली म्हणाल्या, आणि अर्धा हॉल भाड्यानं मागितला. दुसऱ्या दिवशी सुतार आला, मधे प्लायवूड उभं राहिलं, आणि पलीकडे दोन कंप्युटर येऊन बसले. पन्नाशीला आलेली बाई कंप्युटर शिकवणार म्हणून गाव हसलं. माझं हसू आठवडाभरही टिकलं नाही, कारण प्लायवूड पातळ होतं आणि त्यांचं शिकवणं मला सगळं ऐकू यायचं.

त्या कुठं शिकल्या, हे मला अखेरपर्यंत नीट कळलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला भाच्याकडे राहायच्या आणि त्याचा कंप्युटर खोलून बसायच्या, एवढं त्या सांगायच्या. भाच्यानं पुढे त्यांना बोलावणं बंद केलं, हेही त्याच सांगायच्या.

परळीला तुम्ही राहिला असाल तर राख काय असते ते सांगायला नको. थर्मल वीजकेंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, दह्यावर बसते, देवावर बसते. कंप्युटरवर बसली तर तो टिकायचा कसा? बाईंनी जुन्या साड्यांची दुपटी शिवून दोन्ही कंप्युटरना पांघरली होती. रोज सकाळी मागचं झाकण काढून त्या सायकलच्या पंपानं आत हवा मारायच्या. साडीचा पदर खोचून, एक पाय पंपावर ठेवून, शाळेतल्या कवायतीसारखा त्यांचा तो कार्यक्रम चालायचा. खाली चहाच्या गाडीवर माणसं वर बघत उभी राहायची. खंडेनवमीला मी टाइपरायटरना हळदकुंकू वाहायचो. त्या मात्र चष्म्याच्या डबीची पूजा करायच्या. कंप्युटरला कुंकू लावायचं ते पाण्यात कालवून, तेही मागच्या बाजूला. कोरडं कुंकू फ्लॉपीच्या फटीत जातं, आणि देवीला ते आवडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. देवीला आवडत नाही हे त्यांना कसं ठाऊक, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

वर्गात बाई पुस्तकातलं मराठी बोलायच्या. वर्गाबाहेर पडल्या की त्यांचं मूळचं तलवाड्याकडचं बोलणं सुरू व्हायचं. राग आला की वर्गातही तेच. पोरांना ते बरोबर ठाऊक होतं. ‘आहे’चं ‘हाय’ झालं की सगळे सरळ बसायचे.

शिकवायची त्यांची पद्धत जगावेगळी होती. नवीन पोरांना त्या पहिले काही दिवस कंप्युटर सुरूच करू द्यायच्या नाहीत. खाली, हॉलमागच्या मोकळ्या जागेत घेऊन जायच्या आणि फक्कीनं मोठा चौकोन आखायच्या. ही हार्डडिस्क. मग त्यात आडव्या-उभ्या रेघा मारून खण पाडायच्या आणि प्रत्येक खणात एकेका पोरीला उभं करायच्या. त्या पोरी म्हणजे फायली. एका खणात एकच फाइल, हा नियम. खण कितीही मोठा असला आणि पोरगी कितीही बारकी असली, तरी शेजारी दुसरीनं उभं राहायचं नाही. शेजारच्या बायका खिडकीतून बघायच्या आणि त्यांना वाटायचं, खोखोची स्पर्धा जवळ आलेली दिसते.

पुसून टाकणं म्हणजे काय, हेही तिथंच कळायचं. बाई एका पोरीच्या हातातली नावाची पाटी काढून घ्यायच्या आणि तिला म्हणायच्या, तू हलायचं नाहीस. मग बाकीच्यांना विचारायच्या, ती गेली का? पोरं म्हणायची, न्हाई, हाय की. "कंप्युटर म्हणतो गेली. त्याला पाटी दिसत नाही ना. पण तिच्या जागी दुसरं कुणी येऊन उभं राहत नाही तोवर ती तिथंच आहे." मी वर मागच्या खिडकीपाशी तीस वर्षं जुन्या टाइपरायटरची रिबन बदलत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. खोडरबरानं खोडलेलं अक्षर खाली तसंच असतं हे मला माहीत होतं, पण हे काहीतरी वेगळंच होतं. त्या दिवसापासून मी बाईंना मनातल्या मनात दबून राहू लागलो. वयानं त्या माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या, पण चहा सांगताना आधी त्यांचा सांगायचा, असं आपोआप झालं.

डिस्कवर छापलेला आकडा आणि कंप्युटर दाखवतो तो आकडा कधीच जुळत नाही. नवीन कंप्युटर घेतलेली माणसं बीडच्या दुकानदाराशी त्यावरून भांडायची आणि मग बाईंकडे यायची. बाई त्यांना पायलीची गोष्ट सांगायच्या. त्यांच्या लहानपणी तलवाड्याची पायली वेगळी होती आणि उमापूरची वेगळी. उमापूरच्या पाहुण्यानं तिकडे मोजून आणलेली ज्वारी तलवाड्यात मोजली की थोडी कमीच भरायची. पाहुणा चोर नव्हता आणि घरचे खोटं बोलत नव्हते. "बनवणारा त्याच्या पायलीनं मोजतो, कंप्युटर त्याच्या. ज्वारी तेवढीच हाय." आलेला माणूस हे ऐकून निमूट घरी जायचा. त्यातले अर्धे लोक मला खाली भेटून विचारायचे, सर, हे खरं हाय का? मी छातीठोकपणे हो म्हणायचो. बाईंनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, एवढाच माझा आधार होता.

त्यांचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत व्यापाऱ्यामुळे. हे गृहस्थ धोतर नेसून कंप्युटरसमोर बसायचे. शेतकऱ्यागणिक एक छोटी फाइल त्यांनी करून घेतली होती. फायली बारक्या, डिस्क भली मोठी, आणि तरी कंप्युटर म्हणे जागा संपली. बीडचा माणूस येऊन गेला, लातूरचा येऊन गेला, दोघांनीही नवीन डिस्क घ्या म्हणून सांगितलं. शेवटी बाईंना बोलावणं आलं. बाईंकडे गाडी नव्हती. कुठं जायचं झालं की माझी लूना आणि मी. त्या मागे बसायच्या, मांडीवर पिशवी, पिशवीत चष्म्याची डबी, आणि चष्मा घरी.

बाईंनी आडतीत शिरल्यावर कंप्युटरकडे बघितलंही नाही. पोत्यांच्या थप्पीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि शेठजींना विचारलं, एका पोत्यात दोन शेतकऱ्यांचा माल भरता का? शेठजी म्हणाले, छ्या, भांडणं लागतील. मग कुणी ओंजळभर तूर आणली तर? तरी पोतं त्याचं त्यालाच. आणि थप्पीत जागा किती जाते, ओंजळीची का पोत्याची? शेठजींनी थप्पीकडे वळून बघितलं. बाई म्हणाल्या, "तुमचा कंप्युटर त्येच करायलाय. डिस्क येकसंध मोठी ठेवली की त्याचं पोतं लई मोठं व्हतं. तुमी त्यात ओंजळ ओंजळ भरायलात."

मग त्यांनी सगळा मजकूर फ्लॉप्यांवर काढून घेतला, डिस्कचे लहान लहान वाटे केले आणि मजकूर परत भरला. पोती लहान झाली. जी जागा नाही म्हणून दोन शहरांतल्या माणसांनी हात वर केले होते, ती जागा परत आली.  शेठजींनी आत जाऊन नारळ आणला आणि बाईंच्या हातात दिला. येताना लूनावर मी बाईंना म्हणालो, हा चमत्कारच म्हणायचा. त्या म्हणाल्या, चमत्कार कसला, भागाकार हाय. पण त्या खूश होत्या. वाटेत वैजनाथाच्या पायऱ्यांपाशी लूना थांबवून त्यांनी तो नारळ फोडला आणि अर्धी वाटी मला खायला लावली.

तर गावात बातमी फिरली ती अशी, की बाई डिस्क कापतात आणि कापली की ती वाढते. शेताचे वाटे झाले की बांधात जमीन जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथं वाटे केल्यावर जागा निघते म्हटल्यावर लोकांना नवल वाटणारच. ते ऐकूनच छापखान्याचे अण्णा आमचा जिना चढून आले.

छापखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना मिळून चालवायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. पण निवडणुका आल्या की अण्णा एका पुढाऱ्याचे आणि नाना दुसऱ्याचे, आणि दोन्ही बाजूंची हँडबिलं एकाच छताखाली छापायची म्हटल्यावर घरात भांडी वाजायला लागली. शेवटी वाटणी झाली. छपाईचं मशीन अण्णांना, कागद कापायचं मशीन आणि पत्रिकांचा माल नानांना, आणि घरात मधोमध भिंत घालायची ठरली. अडलं ते कंप्युटरवर. एकच होता, नवा होता, आणि दोघांपैकी कुणीच सोडेना. सकाळी अण्णांनी वापरायचा, दुपारनंतर नानांनी, इथवर गाडी आली. पण एकाचा मजकूर दुसऱ्याच्या मजकुरात मिसळायला नको, म्हणून डिस्कचेही वाटे करून हवे होते. बाईंनी त्यांना बजावलं, बांध घातला म्हणून कुणी ओलांडत नाही असं नसतं. अण्णा म्हणाले, तरी बांध बरा.

त्या घरात आणखी एक माणूस होतं. दोघांची थोरली बहीण, अक्का. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आल्या त्या कायमच्या. का, ते परळीत कुणी विचारत नव्हतं. वडिलांच्या काळात त्या छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायच्या. खिळे गेले तेव्हा माझ्याकडे येऊन मराठी टायपिंग शिकल्या, आणि मग प्लायवूडच्या पलीकडे जाऊन कंप्युटर. छापखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक अक्षर त्यांच्या बोटांखालून जायचं. अण्णांना आणि नानांना की-बोर्डवर अक्षर शोधायला चष्मा लागायचा, आणि तो लावूनही सापडायचं नाही. वाटणीत अक्कांचं ठरलं होतं ते असं: सहा महिने अण्णांकडे जेवायचं, सहा महिने नानांकडे, आणि टायपिंग दोघांचंही करायचं. झोपायच्या त्या कागदाच्या खोलीत, रिमांच्या थप्प्यांमधे अंथरूण टाकून. भिंत नेमकी त्या खोलीतून जाणार होती.

हे सगळं अण्णांनीच बोलण्याच्या ओघात सांगितलं, तेही काही विशेष न वाटता. बाई ऐकत होत्या. अण्णा गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "सर, भिंत कुठनं जाणार म्हणाले?" मी परत सांगितलं. त्या बराच वेळ चष्मा शोधत राहिल्या.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. अण्णा आणि नाना दोघंही गादीवर बसलेले. अण्णांना जरा मोठेपणानं बोलायची सवय होती. ते म्हणाले, "बाई, आमच्या बापाच्या लेकरांत तिळाचा फरक नको. सारखे वाटे करा." नानांनी मान हलवली. बाईंनी विचारलं, "बापाच्या लेकरांत सारखे?" अण्णा म्हणाले, हो, सारखे. बाईंनी नानांकडे बघितलं. नानाही हो म्हणाले. मग बाई कंप्युटरसमोर बसल्या आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. काम झाल्यावर अण्णांच्या वाट्याला अण्णांचं नाव दिलं, नानांच्या वाट्याला नानांचं, आणि आम्ही निघालो.

पुढच्या आठवड्यात नाना भर वर्गात घुसले. हातात हार्डडिस्कचा खोका. त्यांनी दोन्ही वाट्यांची बेरीज केली होती. पायलीची गोष्ट त्यांनीही ऐकली होती, तो फरकही धरला होता. तरी जवळजवळ तिसरा हिस्सा जागा गायब होती. अण्णांचा वाटा आणि नानांचा वाटा एकमेकांशी बरोबर जुळत होता, म्हणून भावावर संशय घ्यायची सोय नव्हती. राहिल्या बाई. पोरांसमोर ते म्हणाले, आमची जागा तुमी खाल्ली.

बाईंवर असा आळ यायची ही पहिलीच वेळ. दोन दिवसांत गावभर झालं. चहाच्या गाडीवर एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, बाईंनी ती जागा काढून आपल्या कंप्युटरला लावली का? मी त्याच्यावर ओरडलो, पण खरं सांगायचं तर जागा गेली कुठं, ते मलाही कळत नव्हतं. दोन पोरांच्या बापांनी पोरांना क्लासला पाठवणं थांबवलं. बाई कुणाला काही सांगेनात. त्या पहिल्यासारखाच पंप मारायच्या आणि शिकवायच्या. मला मात्र जेवण गोड लागेना. या बाईच्या शब्दावर मी गावाला छातीठोक उत्तरं देत आलो होतो.

शेवटी अण्णांचाच निरोप आला, की येऊन समक्ष मोजून दाखवा. बाई म्हणाल्या, चला सर. टळटळीत दुपार होती. छापखान्यात मशीन बंद होतं. अण्णा गादीवर, नाना कंप्युटरपाशी उभे. बाईंनी कंप्युटर सुरू केला, पुन्हा तो काळा पडदा आणला आणि नानांना म्हणाल्या, वाचा.

नानांनी बोट ठेवून वाचलं. एक वाटा अण्णांचा, एक त्यांचा. आणि त्यानंतर डिस्कवर तेवढीच आणखी जागा होती. कुणाच्याच नावावर नसलेली. अक्षर नाही, नाव नाही, म्हणून एरवी कंप्युटर ती दाखवतच नव्हता.

"ही कुणाची?" नानांनी विचारलं.

"तुमी सांगितलं तसं केलंय," बाई म्हणाल्या. "बापाच्या लेकरांत सारखं. तुमच्या वडिलांना लेकरं किती?"

"आमी दोघं."

तेवढ्यात अक्का आतून चहा घेऊन आल्या. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग नानांकडे. "चहा कुणी आणला?"

 अण्णा आधी सावरले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आवाजात रागापेक्षा गोंधळ जास्त होता. म्हणाले, "अक्काला काय कमी हाय बाई? दोन्ही घरं तिचीच हायेत."

"आपल्या घरात कुणी सहा सहा म्हैने वाटून जेवत न्हाई, अण्णा."

 बाई पुढे बोलल्या त्या अगदी वर्गातल्या आवाजात. ही जागा मी कुणालाच दिलेली नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त मोजून बाजूला ठेवली आहे. अक्का म्हणतील तर त्यांच्या नावावर करते. अक्का नको म्हणाल्या तर ह्याच घडीला दोघांत वाटून देते, आणि पुन्हा या घराच्या पायरीवर येत नाही. एवढं बोलून त्या खुर्चीवरून उठल्या आणि खुर्ची मोकळी सोडली.

अक्का चहाचा ट्रे धरून उभ्याच होत्या. मला वाटलं, त्या नको म्हणणार. आमच्याकडे अशा वेळी बहिणी नकोच म्हणतात, भाऊ तुटायला नको म्हणून. मीसुद्धा मनातून तेच धरून चाललो होतो. नानांनी ट्रे घ्यायला हात पुढे केला. अक्कांनी तो त्यांना दिला, पदराला हात पुसले आणि जाऊन त्या खुर्चीवर बसल्या. बाईंकडे न बघता म्हणाल्या, "सांगा, काय काय दाबू."

बाई मागे उभ्या राहून एकेक गोष्ट सांगत गेल्या आणि अक्का करत गेल्या. बाईंनी की-बोर्डला हात लावला नाही. कंप्युटर एकदा बंद होऊन परत सुरू झाला, मग जागा तयार होत असल्याचे आकडे हळूहळू वर चढायला लागले. ट्रे हातात घेऊन नाना ते बघत राहिले. चहा तसाच निवत होता. आकडे पुरे झाले आणि कंप्युटरनं विचारलं, या जागेला नाव काय द्यायचं.

नाना म्हणाले, "अक्का टाक की."

अक्कांनी ते ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असेल. खिळे जुळवताना घ्यायच्या तशा सावकाशीनं त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर दाबलं आणि पडद्यावर त्यांचं नाव उमटलं. शकुंतला. मी त्यांना टायपिंग शिकवलं होतं, रजिस्टरातही अक्काच लिहिलं होतं, रोज रस्त्यात नमस्कार करायचो, आणि ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचत होतो. अण्णा गादीवरून उठून जवळ आले. त्यांनी ती अक्षरं ओठ हलवत जुळवली. पुरं झाल्यावर त्यांचा चेहरा कसनुसा झाला. वडील गेल्यापासून त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नसावं. मी बाईंकडे बघितलं. त्या कंप्युटरच्या मागचा एक स्क्रू पिळत होत्या, आणि तो आधीच घट्ट होता. एवढ्या थोर बाईशेजारी आपण रोज बसतो याची मला त्या क्षणी अक्षरशः भीती वाटली.

अण्णा म्हणाले, "बरं. तिघांचा तर तिघांचा. मग आता ह्यो ठेवायचा कुठं? माझ्या बाजूला का नानाच्या?"

"माझ्या खोलीत," अक्का म्हणाल्या.

नानांना अजून नीट उमगलं नव्हतं. त्यांनी अगदी सरळपणानं विचारलं, "तुझी खोली कंची, अक्का?"

"त्येच इचारायले मी."

नाना ट्रे धरून कागदाच्या खोलीच्या दाराकडे बघायला लागले.  अण्णा त्या खोलीत गेले. आतून रीम उचलल्याचा आवाज आला. ते एक रीम छातीशी धरून बाहेर आले आणि त्यांनी ती आपल्या मशीनशेजारी ठेवली. परत आत गेले. दुसऱ्या खेपेला नानांनी ट्रे खाली ठेवला आणि तेही मागोमाग गेले. मधी भिंत येणार हाय ना तिथं, असं ते आतून म्हणाले. अण्णा म्हणाले, भिंतीचं मागनं बघू, आधी ह्ये टोक धर.

बाईंनी चष्म्याची डबी बंद करून पिशवीत टाकली, पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "सर, बसलात काय, हात लावा." मग आम्ही चौघंजण दिवेलागणीपर्यंत कागद वाहत होतो, आणि कुठली थप्पी कुठं ठेवायची ते अक्का खोलीच्या मधोमध उभ्या राहून सांगत होत्या.